नोटेमागे सोनं नसतं, मग काय असतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रुपयाचा प्रश्न



पाचवी-सहावीच्या वर्गात पैशाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सरकारकडे नोटा छापायचं मशीन आहे, मग भरपूर नोटा छापून गरिबांना वाटून का टाकत नाही? मुलं हसतात, आपणही हसतो अन् पुढच्या पानाकडे वळतो. फारच कोणी खोदून विचारलं तर आपण सांगून टाकतो की जेवढ्या नोटा छापायच्या तेवढं सोनं बँकेत ठेवावं लागतं.

हे उत्तर आपल्या गुरुजींनी आपल्याला दिलं होतं, म्हणून आपणही देतो. पण ते बरोबर नाही. आज तुमच्या खिशातल्या नोटेच्या बदल्यात कोणतीही बँक तुम्हाला सोनं देत नाही, चांदीही देत नाही. मग त्या कागदाला किंमत कशामुळे येते? आणि ती किंमत घसरली तर नुकसान कोणाचं होतं?

शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने अर्धपोटी राहून या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांची ओळख मात्र मुलांना फारशी करून दिली जात नाही. ती आज करून घेऊ.

महालातून सुरुवात करू

नागपूरकरांना महाल सांगायला नको. गांधीगेटातून आत शिरलं की बडकस चौक, केळीबाग रोड, जुने वाडे आणि भोसल्यांची आठवण. पलीकडे इतवारीचा सराफा. भोसल्यांच्या काळात इथे नागपुरी रुपया चालायचा. तो चांदीचा होता. मुलुखामुलुखात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत, त्यामुळे सराफ प्रत्येक नाणं वाजवून, वजन करून, कस बघून घ्यायचे. परक्या किंवा झिजलेल्या नाण्यावर बट्टा कापायचे. खणखणीत नाणं, बंदा रुपया, नावाला बट्टा लागणं, हे आपल्या बोलण्यातले शब्द याच व्यवहारातून आले आहेत, बरं का! त्या काळी पैशाची किंमत नाण्याच्या अंगातच असायची. राजा गेला तरी चांदी उरायची.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, त्यांना पुत्र नव्हता. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. जुनी नाणी मागे पडली आणि कंपनी सरकारचा रुपया सगळीकडे एक झाला. १८३५ च्या कायद्याप्रमाणे त्याचं वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. लोक त्याला कलदार म्हणायचे. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. म्हणजे रुपयाची किंमत चांदीच्या किमतीला बांधलेली होती.

पुढे १८७० नंतर जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोन्याचं चलन धरलं, खाणींतूनही चांदी भरपूर निघू लागली आणि चांदीचा भाव पडला. पूर्वी जवळपास दोन शिलिंगांना असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. भारत सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी पेन्शनी, व्याज, लष्करी खर्च पौंडात भरावा लागे, आणि तो बोजा अर्थातच इथल्या करदात्यावर पडे. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टांकसाळ बंद केली. त्यानंतर सरकार पाडेल तेवढेच रुपये. रुपया चांदीचाच राहिला, पण त्यातल्या चांदीची किंमत कमी आणि रुपयाची किंमत जास्त. विचार करा, ही चांदीवर छापलेली नोटच झाली की नाही?

त्या वेळी महू इथल्या एका सुभेदाराच्या घरातलं सर्वांत धाकटं मूल दोन वर्षांचं होतं.

शिक्षकाचा मुलगा

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. आई भीमाबाई. भीमराव त्यांचं चौदावं अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील निवृत्त झाल्यावर घर पेन्शनवर चालायचं. आई लवकर गेली. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळं बसावं लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तहानलेलं राहायचं.

१९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे याच गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षक मित्रहो, एका गुरुजींनी योग्य वेळी टाकलेला शब्द कुठवर जातो ते बघा.

१९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षं. तिथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी सरकारी जमाखर्चाचं शास्त्र शिकून घेतलं. कर कोण भरतो, खर्च कोणावर होतो, हे प्रश्न तिथे पक्के झाले.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणबुडीने बुडवली आणि जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला कोणी खोली देईना. नोकरी सोडून ते मुंबईला आले.

एक रुपयाची कागदी नोट

त्याच सुमारास रुपयाचंही विचित्र झालं. महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला की रुपयातल्या चांदीची किंमत रुपयापेक्षा जास्त होऊ लागली. मग लोक काय करणार? रुपये वितळवणार किंवा पुरून ठेवणार. बाजारातून नाणी गायब होऊ लागली. तेव्हा सरकारने १९१७ मध्ये पहिल्यांदा १ रुपयाची कागदी नोट काढली, आणि पाठोपाठ चक्क अडीच रुपयांची!

१९१८ च्या अखेरीस बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवणं उत्तम, मुलांची गर्दी. तरी सहकाऱ्यांपैकी काहींना त्यांनी तिथलं पाण्याचं भांडं वापरलेलं चालत नव्हतं. त्यांचं लक्ष मात्र लंडनच्या अर्धवट अभ्यासाकडे होतं. पगारातून पै-पै साठवणं चालू होतं.

१९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस ते नागपूरला आले. राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची अखिल भारतीय परिषद इथे भरली होती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांच्या आधारावर ते पुन्हा लंडनला निघाले. मुंबईत रमाबाई अतिशय काटकसरीने संसार ओढत होत्या. तिकडे बाबासाहेब सकाळपासून ग्रंथालयात बसायचे, जेवणावरचा खर्च वाचवून पुस्तकं घ्यायचे.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. मग डी.एस्सी.साठी विषय घेतला रुपयाचा.

त्यांनी नेमकं काय सांगितलं?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१८९३ नंतर भारतात जी पद्धत रुळली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात व्यवहार चांदीच्या रुपयात आणि कागदी नोटांत. सोनं लागणार फक्त परदेशी देण्याघेण्याला, आणि सरकार १ पौंड म्हणजे १५ रुपये हा भाव सांभाळणार. इंग्लंडचे मोठे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांनी तीच पद्धत तपासली आणि तिच्यातलं भोक दाखवलं.

त्यांचा मुद्दा असा. पौंडाशी असलेला भाव स्थिर राहिला म्हणून सामान्य माणसाचा रुपया स्थिर राहिला असं होत नाही. मजूर काही पौंड विकत घ्यायला जात नाही, तो ज्वारी विकत घेतो. रुपयाची खरी किंमत म्हणजे त्यात किती धान्य, किती कापड येतं ती. आणि ती ठरते रुपये किती काढले यावर. या पद्धतीत रुपये किती पाडायचे याला कायद्याची हद्द नव्हती, सगळं सरकारच्या मर्जीवर. शिवाय प्रत्येक रुपया पाडताना सरकारला नफा. मग हात आखडता कोण घेणार? रुपये वाढले की भाव चढणार.

भाव चढले की काय होतं? व्यापाऱ्याचा माल महाग विकला जातो, त्याचं भागतं. कर्जदाराचंही कर्ज हलकं होतं. पण मजुरी भावांच्या मागे रखडत येते, आणि पेन्शनवाल्याची पेन्शन तर जिथल्या तिथेच. म्हणजे एकाच्या खिशातलं दुसऱ्याच्या खिशात जातं, तेही कोणी कर न लावता, कोणी चोरी न करता. पैशाचा प्रश्न त्यांनी असा न्यायाच्या प्रश्नाशी नेऊन भिडवला. ठरावीक पेन्शनवर चालणारं घर त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग उपाय काय? त्यांनी सांगितलं की रुपये पाडणं सरकारलाही बंद करा. त्यांची संख्या एका हद्दीत राहू द्या. रुपयाच्या बदल्यात सोनं देण्याची गरज नाही, म्हणजे रुपया अपरिवर्तनीय ठेवा. सोबत सोन्याचं नाणं पाडा, दोघांचं प्रमाण कायद्याने ठरवा आणि दोन्ही चालू द्या.

यातली मेख लक्षात आली का? बदल्यात सोनं मिळतं म्हणून पैशाला किंमत येते, ही समजूत त्यांनी बाजूला सारली. किंमत टिकते ती मर्यादेने. मर्यादा असेल तर सोन्यात न बदलणारा पैसाही टिकतो, आणि मर्यादा नसेल तर सरकारने दिलेलं वचन फार काळ पुरत नाही.

हे लिहिणं सोपं गेलं नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला, पण परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितला. पैसे संपत आले होते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध इथून पाठवला. निष्कर्ष न बदलता. तो नोव्हेंबर १९२३ मध्ये मान्य झाला. डिसेंबरमध्ये द प्रॉब्लेम ऑफ द रुपी या नावाने लंडनला पुस्तक निघालं. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक कॅनन यांनी, काही मतं पटत नसतानाही, प्रस्तावना लिहिली.

योगायोग असा की त्याच नोव्हेंबरात जर्मनीत चलनाचा पार धुव्वा उडाला होता. बेसुमार नोटा छापल्यामुळे एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभराची बचत असलेल्या म्हाताऱ्यांना त्यात एक पाव येईना. नोटा छापून वाटल्या तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देता येणार नाही.

आयोग, बँक आणि घटना

१९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करायला हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आला. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. व्यवस्थापनावर चालणारं चलन सरकारच्या हाती देऊ नये, असं त्यांनी तिथेही ठामपणे मांडलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. मुलांना तसं सांगू नका. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. सोन्याच्या नाण्याची त्यांची योजना आयोगाने घेतली नाही. पण चलनाची नाडी सरकारच्या रोजच्या गरजेपासून दूर असावी, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच मोलाचा आहे. त्यांचं मोठेपण खऱ्या गोष्टींनीच सिद्ध होतं, त्यात भर घालायची गरज नाही.

पुढचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९४२ च्या जुलैत नागपुरातच झालेली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना, मग व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं. रुपया मात्र त्यांनी सोडला नव्हता. १९४७ मध्ये, कायदेमंत्री झाले त्या वर्षी, त्यांच्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. दरम्यान १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती, आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. चांदी संपली, रुपया चालूच राहिला. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या घटनेत चलन, नाणी आणि रिझर्व्ह बँक हे विषय केंद्राच्या सूचीत आले. म्हणजे नोटा काढण्याचा अधिकार कोणा एका माणसाच्या मर्जीचा राहिला नाही, तो संसदेच्या कायद्याखाली आला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरातच लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. केळुसकर गुरुजींच्या भेटीपासून सुरू झालेली एक वाट इथे पोचली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. तोवर नोटांच्या प्रमाणात सोनं आणि परकीय रोखे ठेवावे लागत. १९५६ च्या दुरुस्तीने प्रमाणाची ती अट गेली आणि ठरावीक रकमेचा किमान साठा पुरेसा झाला. १९५७ पासून तो आहे २०० कोटींचा, त्यात ११५ कोटींचं सोनं. आजच्या एकूण नोटांपुढे ही रक्कम म्हणजे समुद्रात खसखस. आपलं ते पाठ केलेलं उत्तर तेव्हापासूनच जुनं झालं आहे! १९७१ मध्ये अमेरिकेनेही डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं.

मग आज मर्यादा कुठे आहे? २०१६ च्या दुरुस्तीने ती कायद्यात लिहिली गेली. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या आत ठेवायची. सलग तीन तिमाहींत ते जमलं नाही तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारण लिहून द्यायचं. रुपयाची किंमत धान्यात मोजा, हे बाबासाहेबांचं म्हणणं यात ओळखू येतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

वर्गात किंवा घरी करून बघा

बाल आनंद मेळाव्यात मुलांना कागदी कूपन द्या. २० मुलं, प्रत्येकाला ५ कूपन, म्हणजे १०० कूपन. टेबलावर तर्री पोह्याच्या २० बशा ठेवा आणि लिलाव करू द्या. एका बशीला किती कूपन पडले ते फळ्यावर लिहा. दुसऱ्या फेरीत काही मुलांना आणखी ५-५ कूपन द्या, बाकीच्यांना देऊ नका. बशा मात्र तेवढ्याच, २०. भाव चढेल आणि ज्यांना जादा कूपन मिळाले नाहीत त्यांच्या हाती बशी येणार नाही. ती मुलं लगेच तक्रार करतील की हा अन्याय आहे. तिथेच थांबा आणि विचारा, तुमचे कूपन तर कोणी घेतले नाहीत, मग अन्याय कसा? त्या उत्तरातच धडा आहे. (नंतर पोहे सगळ्यांना द्या, नाहीतर घरून तक्रार येईल!)

मग खिशातून १ रुपयाची आणि १० रुपयांची नोट काढून दाखवा. १० च्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आणि तेवढे रुपये देण्याचं वचन असतं. १ च्या नोटेवर वित्त सचिवांची सही असते आणि वचन नसतं. असं का? कारण ती नोट म्हणजेच रुपया, तिच्या बदल्यात द्यायला दुसरं काहीच नाही. मुलांना हे शोधून काढू द्या, सांगून टाकू नका.

आणि मुलांना घेऊन महालातून सीताबर्डीकडे कधी गेलात तर थोडं पुढे संविधान चौकापर्यंत जा. जुनी माणसं त्याला अजून रिझर्व्ह बँक चौक म्हणतात. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि जवळच रिझर्व्ह बँकेची इमारत. मुलांना पुतळा माहीत असतो, इमारतही माहीत असते. दोघांचा संबंध काय, एवढंच विचारा.

नोटेमागे काय असतं, हा प्रश्न पुन्हा आला तर आता सांगता येईल. नोटेमागे आपण सगळ्यांनी मिळून केलेला कायदा असतो, आणि नोटा मर्यादेत काढल्या जातील हा विश्वास असतो. तो मोडला तर सगळ्यात आधी फटका बसतो तो रोजंदारीवर जगणाऱ्या घराला. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं त्याच घरांतून येतात.

तुमच्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.